गाडीची किल्ली माझ्याकडेच राहील

"वैनी, विकून टाका ती गाडी. नवी आहे तोवर चार पैसे जास्त येतील."

धाकटे दीर हे पहिल्यांदा म्हणाले तेव्हा गाडी घरी येऊन पाच आठवडेही झाले नव्हते. नंतर हेच वाक्य मी सासूबाईंकडून ऐकलं, डेअरीवरच्या माणसांकडून ऐकलं, एका लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकलं, आणि आपल्या गटातल्या दोघीतिघींकडूनही ऐकलं. सगळ्यांना माझी काळजी होती. ती काळजी खोटी होती असं मी म्हणत नाही. पण मला प्रश्न पडला. आमच्या गावात दरवर्षी दोनचार नवी वाहनं येतात. ट्रॅक्टर येतो, पिकअप येते. पहिल्या वर्षात काही ना काही कुरकुर होतेच. तेव्हा लोक गॅरेजवाल्याला शिव्या देतात, कंपनीला देतात, रस्त्याला देतात. मालकानं गाडी ठेवावी की नाही, हा विषय कोणी काढत नाही. माझ्या बाबतीत तो पहिल्याच बिघाडाला का निघाला?

मैत्रिणींनो, त्यावरच लिहायचं आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. भूम तालुक्यात बालाघाटाच्या उतारावर आमचं गाव. घरची खव्याची भट्टी आहे. आमच्या भागातला खवा आणि कुंथलगिरीचा पेढा तुम्ही खाल्ला नसेल तरी ऐकून असाल. नऊ वर्षांपूर्वी मालक गेले. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. लिहिताना हा शब्द बदलावा असं मनात आलं होतं, पण तो मुद्दाम तसाच ठेवते, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे. मालक गेल्यावर भट्टी बंद पडेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती बंद पडली नाही. कढईपुढं उभं राहून खवा घोटायचं काम तसंही मीच करत होते. नवं शिकावं लागलं ते बाहेरचं: दूध गोळा करणं, हिशेब, गिऱ्हाईक, उधारी.

म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो. म्हणजे दूध भरपूर लागतं आणि वेळेवर लागतं. उन्हाळ्यात दहाच्या आत ते कढईत पडलं नाही तर नासतं. हे दूध गावातलं कमी आणि वस्त्यांवरचं जास्त. वस्त्या रानात विखुरलेल्या, कुठं चार घरं, कुठं सात. म्हशीचं शेण काढणारी, वैरण आणणारी, धार काढणारी बहुतेक ठिकाणी बाईच. पावसाळा आला की पाणंद बंद होते. आमच्याकडची काळी माती ज्यांनी तुडवली नाही त्यांना सांगून कळणार नाही. चार दिवस पाऊस लागला की ती चाकाला लोंद्या-लोंद्यानं चिकटते, मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा दिवसांत दूध न्यायला एखादा कसाबसा पोचतो आणि चिखलाचं कारण सांगून लिटरमागं भाव पाडतो. नाही द्यावं तर दूध घरात पडून राहतं. बाई मुकाट्यानं देते. मी गाडी घेतली ती या एका कारणासाठी. हौस नव्हती असं मात्र नाही. हौस होती. तीही लिहून टाकते.

गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. तक्रार अजून मिटलेली नाही, आणि हा लेख एका कंपनीविरुद्ध नाही. अशा दणकट, चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या आज आपल्या देशात दोनचार कंपन्या बनवतात, त्यातली ही एक, डिझेलवरची. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो. त्यातलं एक चिखलात रुतून गरगर फिरायला लागलं की सगळा जोर तिथंच वाया जातो. हिच्यात गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक छोटा दांडा असतो. तो ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. त्याच्याही पुढं एक 'लो' म्हणून असतं. त्यात गाडी बैलांच्या चालीनं चालते, पण नांगराला जुंपलेल्या बैलांसारखी ओढते. गावात तिला जीपच म्हणतात. नवी असो, जुनी असो, अशी उंच चौकोनी गाडी दिसली की जीप.

या जीपचा आणि आपला संबंध पाहण्यासारखा आहे. १९४० साली अमेरिकी सैन्यानं चिखलातून, दगडधोंड्यातून जाणारी हलकी गाडी मागितली आणि पहिला नमुना तयार करायला अवघे ४९ दिवस दिले. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. १९४७ पासून मुंबईत त्यांची जुळणी सुरू झाली. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गवर आलं, तेव्हा लष्कराच्या गाड्या इथल्या लोकांनी पाहिल्या. पुढं जीप म्हणजे तहसीलदार, फौजदार, कारखान्याचे चेअरमन आणि निवडणुकीचा भोंगा. मग काळी-पिवळी आली. तिच्यात मागं बाया आणि पोरं कोंबलेली, पुढं ड्रायव्हरशेजारी तीन बाप्ये ऐसपैस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, लातूरकडचं किल्लारी आणि आमच्याकडचं सास्तूर, असा सगळा पट्टा आडवा झाला, तेव्हा संस्थांच्या जीप आल्या. पुनर्वसनाच्या कामात महिला मंडळातल्या बायांनी 'संवाद सहायक' म्हणून घरोघर जाऊन घरांच्या दुरुस्तीचं समजावून दिलं. आमच्या भागातल्या बाईनं सार्वजनिक कामात टाकलेलं ते मोठं पाऊल होतं. पण त्या दिवसांत मी जेवढ्या जीप पाहिल्या तेवढ्यांच्या स्टिअरिंगवर पुरुषच पाहिला.

आजच्या जाहिराती त्याच्याच पुढच्या. डोंगर, नदी, उडणारा चिखल, आणि काळा चष्मा लावलेला एक दाढीवाला. चिखल हा त्याचा रविवारचा खेळ. आमच्या वस्तीवरच्या बाईला तो सोमवारीही तुडवायचा असतो, मंगळवारीही. खरं म्हणजे अशा गाडीची गरज कोणाला आहे असं विचारलं तर पहिलं नाव तिचं यावं. पण जाहिरात करणाऱ्याच्या डोळ्यापुढं ती कधीच नसते. मी पाच फूट उंचीची आहे. गाडीत चढताना मला दाराची दांडी धरून अक्षरशः उडी घ्यावी लागते, आणि क्लच पुरता दाबायचा तर पाठीशी उशी ठेवावी लागते. गाडी कोणाचं माप डोळ्यापुढं ठेवून केली आहे ते पाठीला कळतं.

आता खरेदीची गोष्ट. २०२४ चा दसरा. सोबत पुतण्याला नेलं होतं, कारण मला लायसन्स मिळून चारच महिने झाले होते आणि शहरातून गाडी काढायची भीती वाटत होती. शोरूममधल्या पोरानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मालक येणार आहेत का?"

मी म्हटलं, "मालक मीच."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. कर्जाचे कागद माझ्या नावाचे, आधीचे पैसे माझ्या खात्यातून गेलेले, नोंदणी माझ्या नावावर होणार. तरी गाडी समजावून सांगताना त्यानं चाळीस मिनिटं पुतण्याशी बोलून काढली. पुतण्या पुढच्या सीटवर, मी मागं. मध्येच एकदा मी विचारलं, "हा पिवळा दिवा कशाचा?" तर उत्तर पुतण्याला मिळालं. शेवटी पेढे आणि फुलांचा गुच्छ मात्र मला दिला. फोटोत किल्ली माझ्या हातात आहे.

या चाळीस मिनिटांची किंमत मला जानेवारीत कळली.

त्याआधी दोन बिघाड झाले होते. दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला आणि ड्रायव्हरच्या दाराच्या रबरातून पाणी येऊन पायाशी तळं साचलं. नोव्हेंबरात तो दुसरा दांडा अडायला लागला, 'लो' पडेचना, आणि समोर दिवा लुकलुकत राहिला. वॉरंटीत पार्ट बदलला, महिन्यानं पुन्हा तेच. हे दोन्ही दोष गाडीचे. नव्या बांधणीच्या गाडीत असे दोष निघतात, जाणकार लोक म्हणून तर पहिल्या वर्षाची गाडी घेत नाहीत. मी घेतली. तेवढी चूक पदरात घेते.

तिसरा बिघाड वेगळा. जानेवारीत एक दिवस गाडीचा जोरच गेला. कितीही पाय दिला तरी ताशी वीस-पंचवीसच्या वर जाईना. दुधाचे कॅन मागं, ऊन चढत चाललेलं, आणि मी रस्त्याच्या कडेनं बैलगाडीच्या गतीनं चाललेले. येणारे-जाणारे थांबून थांबून पाहत होते. त्या दिवसाचं सगळं दूध नासलं. सर्व्हिस सेंटरला एक वयस्क मिस्त्री होते. त्यांनी मशीन लावून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, गाडी रोज किती पळवता?" मी सांगितलं: वस्तीवरून भट्टी, भट्टीवरून वस्ती, सहा-सात किलोमीटर, तेही हळू.

मग त्यांनी जे सांगितलं ते तुमच्यापैकी ज्या डिझेल गाडी घेणार असतील त्यांनी नीट वाचावं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडं बीएस-सहा हा प्रदूषणाचा नियम लागू झाला. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक गाळणी असते. गाळणीत काजळी साठते आणि नळी चांगली तापली की ती आपोआप जळून जाते. पण नळी तापायला गाडी मोठ्या रस्त्यावर साठच्या आसपासच्या वेगानं वीस-पंचवीस मिनिटं सलग पळावी लागते. रोज थोडंथोडं, हळू, थांबत चालवलं तर काजळी जळतच नाही. आधी पिवळा दिवा लागतो. तो लागला की गाडी हायवेवर एक फेरी मारून आणायची. दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःच जोर कमी करून घेते.

"डिलिव्हरीच्या वेळी सांगितलं नव्हतं का?" मिस्त्रींनी विचारलं.

सांगितलं होतं. पुतण्याला. घरी येऊन त्याला विचारलं तर तो म्हणाला, "हो काकू, कायतरी बोलला होता तो, हायवेचं." पोरगा वाईट नाही. पण गाडी त्याची नाही, मग त्यानं का लक्षात ठेवावं? आणि पुस्तक वाचावं म्हटलं तर ते पूर्ण इंग्रजीत.

म्हणजे गावानं ज्या बिघाडावरून मला सर्वांत जास्त ऐकवलं, 'बाईच्या हातात गाडी दिली की असंच होणार' म्हणून, तो बिघाड गाडीचाही नव्हता आणि माझ्या हातांचाही नव्हता. मालकिणीला सांगायची गोष्ट मालकिणीला सांगितली नाही, म्हणून तो झाला. आता महिन्यातून तीनदा मी येरमाळ्याच्या बाजूला जाऊन धुळे-सोलापूर हायवेवर गाडी पळवून आणते. येडेश्वरीचं दर्शन होतं, गाळणी साफ होते. सासूबाई पहिल्या कारणासाठी सोबत येतात.

जानेवारीच्या त्या बिघाडानंतर आठ दिवसांनी दीर दोन कागद घेऊन आले. आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. गाडीची मालकी दुसऱ्याच्या नावावर करायला ते लागतात. घेणाऱ्याचं नाव कोरं होतं. "सही करून ठेवा, गिऱ्हाईक आलं की बघू. नाहीतर मीच हप्ते फेडतो, गाडी आपल्याच घरात राहील. तुम्हाला दूध आणायला ड्रायव्हर देतो." खरं सांगते, त्या दिवशी मी पेन हातात घेतलं होतं. थकले होते. हप्ता तोंडावर होता, तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला जायचं होतं, आणि लोकांच्या नजरा. एका सहीनं सगळं सुटणार होतं. मुलगी सोलापूरला शिकते, ती घरी आलेली होती. ती एवढंच म्हणाली, "आई, काकांचा ट्रॅक्टर मागच्या वर्षी दोन महिने उभा होता, तेव्हा त्यांनी कोणत्या फॉर्मवर सही केली?"

मी पेन खाली ठेवलं. कागद अजून माझ्या पेटीत आहेत, कोरे.

दीर लबाड आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या मनात खरोखरच ही व्यवस्था सरळ होती: दूध वैनीचं, गाडी आपली. आणि ही सोय आपल्याकडं जुनीच आहे. शेती यांत्रिकीकरणाच्या योजनेत इतर शेतकऱ्याला ४० टक्के अनुदान असेल तिथं महिला शेतकऱ्याला ५० टक्के आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. हेतू चांगले आहेत. पण आमच्या आसपास बायकोच्या नावावरचे जे ट्रॅक्टर मला माहीत आहेत, त्यातल्या एकाही बाईला त्याची किल्ली कोणत्या खिशात असते ते विचारावं लागत नाही, कारण ती तिच्याकडं कधी नसतेच. १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. १९९४ साली महाराष्ट्रानं कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी आपण भांडलो, ते बरोबरच होतं. पण नाव लागल्यानंतर त्या वस्तूवर हुकूम कोणाचा चालतो, ती बिघडली तर निर्णय कोणाचा, हे भांडण घरातलं आहे आणि ते प्रत्येकीला एकटीनं करावं लागतं. वस्तू नीट चालते तोवर तिच्यावर बाईचं नाव खपून जातं. ती बिघडली की विचारलं जातं, ही हिच्याकडं कशाला?

इथं मला बर्था बेंझची गोष्ट आठवते. कार्ल बेंझनं १८८६ साली पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. त्याच्या धंद्यात लग्नाआधी बर्थानं आपल्या हुंड्याचा पैसा घातला होता, हे नसतं. गाडी तयार होती, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवेना आणि नवऱ्याला ती बाहेर काढायचा धीर होईना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी बर्थानं नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेतलं आणि मानहाइमहून फोर्झहाइमला, माहेरी, गाडी चालवत गेली. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. वाटेत काय काय बिघडलं बघा. इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. तारेचं आवरण झिजलं, तिथं मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर एका चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर गाडी चढेना, मुलांनी ढकलली. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. तो पुढं बसवलाही गेला. माझ्या गाडीतल्या त्या 'लो'च्या दांड्याला हात लावताना मला कधीकधी तिची आठवण येते. बिघडणाऱ्या गाडीतून तिनं प्रवास केला म्हणून गाडीत काय कमी आहे ते कळलं. कार्लच्या सांगण्यावरून ती घरी बसली असती तर काय झालं असतं, कोण जाणे.

आपल्या गटातल्या मैत्रिणींचा आक्षेप मात्र वेगळा होता आणि तो मला जास्त लागला. एक जण म्हणाली, "आपण गावाला एसटी मागतो, आणि तू पंधरा लाखांच्या वरची जीप घेतेस. डिझेल जाळतेस. ही कसली मुक्ती?" तिचं निम्मं मला मान्य आहे. वस्तीवरची मजूर बाई अशी गाडी कधीच घेऊ शकणार नाही. माझी गाडी हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, तर बाजाराच्या दिवशी गाड्यांत बायाच बाया दिसायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एवढ्या जणींना बाहेर पडायचं होतं, पैसे अडवत होते. पण एसटी पाणंदीत येत नाही, आणि दुधाचे कॅन घेऊन मी तिची वाट बघू शकत नाही. पाणंद पक्की करा ही मागणी मी सोडलेली नाही. पाणंद रस्त्यांची सरकारी योजना आहे, आमच्या पाणंदीचा ठराव ग्रामसभेत झाला आहे. रस्ता होईपर्यंत काय करायचं, एवढाच माझा प्रश्न होता. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेता येत नाही, मी घेतही नाही. पण वस्तीवरची एखादी दवाखान्याला निघाली तर तिला मागं बसवत नाही, पुढं माझ्याशेजारी बसवते.

तक्रारीचं थोडक्यात सांगते, कारण कोणाला तरी उपयोग होईल. दांड्याचा दोष तिसऱ्यांदा आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तुम्ही गाडी धंद्याला वापरता, तुम्ही ग्राहक होत नाही." मी गप्प बसले असते. पण एका वकील मैत्रिणीनं कायदा वाचून दाखवला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २०२० च्या जुलैपासून लागू झालेला. व्यापारासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारात धरत नाहीत, असं त्यातच स्पष्ट लिहिलं आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरे. मुदत दोन वर्षांची. आणि सर्व्हिसला गाडी द्याल तेव्हा जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. माझ्या पहिल्या कार्डावर 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी मी काउंटरवरून हलले नाही. मराठीत लिहून घेतलं, प्रत घेतली, तारीख पाहिली. कायद्याची नोटीस गेल्यावर कंपनीचा माणूस घरी आला. या वेळी त्यानं 'मालक कुठायत' विचारलं नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागात काय झालं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. शेतं खरवडून गेली, जनावरं वाहून गेली, लोकांना बोटीनं आणि हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. आमच्याकडं एवढा प्रसंग नव्हता, पण ओढ्याकाठच्या एका वस्तीत पाणी शिरायला लागलं. रात्री पाणंदीनं गाडी घातली. 'लो' पडला, देवाची कृपा. बाया, पोरं, दोन म्हाताऱ्या, शेळ्या, असं तीन खेपांत गावातल्या शाळेत आणलं. चौथ्या खेपेला पलीकडच्या वस्तीसाठी ओढ्यातून जायचं होतं. बॅटऱ्या घेऊन उभे असलेले गडी म्हणायला लागले, "घाला हो, जीप आहे, काही होत नाही." मी घातली नाही. वाहत्या दोन फूट पाण्यात मोठी गाडीही तरंगायला लागते, आणि रात्री पाणी किती आहे ते दिसत नाही. "बाई घाबरली," असं कोणीतरी म्हणालं. होय, घाबरले. पलीकडची माणसं वरच्या माळाला चढून बसली होती आणि सकाळी उजेडात सुखरूप आली. आणि हेही लिहिलं पाहिजे, की त्याच रात्री शाळेच्या आवारात गाडी परत अडली. दिवा लागला, दांडा अडकला, आणि पुढचे दोन दिवस ती तिथंच उभी होती. पोरं तिच्या टपावर बसून खेळत होती.

दीर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली. मला वाटलं आता पुन्हा ते फॉर्म निघणार. ते म्हणाले, "वैनी, तो काळजीचा दिवा कोणता, दाखवा बरं." मी दाखवला. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. यापेक्षा जास्त काही झालं असं मी म्हणणार नाही. हप्ते अजून तीन वर्षं आहेत, आणि गाडी विकायचा विषय संक्रांतीला पुन्हा निघाला होताच.

दांड्याचा पार्ट आता नव्या बनावटीचा बसवला आहे, आजवर अडलेला नाही. दाराचं रबर दोनदा बदलूनही पाणी येतंच. पायाशी जुनं पोतं टाकते. मुलीचं शिकाऊ लायसन्स निघालं आहे. तिला गाडी समजावून सांगायला मी चाळीस मिनिटांहून जास्त वेळ घेतला, आणि पुतण्याला या वेळी मागं बसवलं.